तिसरा फोन

वायरमनदादा खांबावर चढले होते. ते खाली येऊन परमिटवर सही करेपर्यंत लाइन चालू करायची नाही, म्हणून सबस्टेशनातल्या स्विचला कुलूप लावून मी किल्ली खिशात टाकली होती. तर दहा मिनिटांत साहेबांचा हा तिसरा फोन.

"अरे, हॉलमध्ये पंखे बंद, माइक बंद! पाहुणे उठून चाललेत. आधी लाइन चालू कर!"

"साहेब, दादा अजून वरच आहेत."

"मग सांग त्याला, उतर म्हणावं पटकन! माझं भाषण ऐन रंगात आलं होतं."

माझं डोकंच फिरलं. तरी आवाज खाली ठेवून विचारलं, "विषय काय होता, साहेब?"

साहेब खेकसले,



"कुणाचाही फोन येऊ दे, परमिट परत आल्याशिवाय लाइन चालू करायची नाही!"