डावी बाही

त्या कारखान्यात कैद्यांचे कपडे शिवले जायचे. नाव कुणाचंच कळायचं नाही. नुसती मापांची चिठ्ठी यायची.

सहा महिन्यांपूर्वी शिंपिणीच्या हाती लहान मुलीच्या मापाची चिठ्ठी आली. डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच आखूड. तिची कात्री थबकली. तिच्या लेकीचा डावा हात जन्मापासून तेवढाच आखूड होता.

मग दर महिन्याला तशीच चिठ्ठी यायला लागली. घरी लेक जेवढी वाढायची, तेवढंच चिठ्ठीतलं माप वाढायचं.

"बाई, हे कुणाचं माप?" तिने एकदा मुकादमबाईंना विचारलं.

"गुमान शिव," त्या हळूच म्हणाल्या. "विचारणाऱ्यांचे कपडेही इथेच शिवतात."

आजच्या चिठ्ठीत उंची एकदम दोन इंचांनी वाढली होती. सकाळीच तिने लेकीला टेप लावून पाहिली होती. पोर गेल्या महिन्यापेक्षा सूतभरही वाढली नव्हती. म्हणजे ही चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची तरी. तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्याची तिला लाजही वाटली. कपडे शिवून देऊन तिने घर गाठलं.

लेक दारातच उभी होती, फ्रॉक खाली ओढत.

"आई, बघ ना. सकाळी तर बरोबर होता."