घोडा

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तोंडी परीक्षा होती. तनुजाने वसतिगृहातल्या खाटेवर चित्र पसरले आणि राहतने ते वहीने झाकले.

घटसर्पाचा जंतू पाठ करण्याची ही रीत राहतचीच. आपल्या ओळखीचे घर काढायचे आणि पुस्तकातली प्रत्येक गोष्ट त्या घरात कोठेतरी ठेवून द्यायची. तनुजाने लासूर स्टेशनचे आपले घर काढले होते. दाराशी टेकवलेले मुसळ म्हणजे जंतूचा एका टोकाला फुगलेला आकार. अंगणात वेड्यावाकड्या पडलेल्या तुराट्या म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी त्याची मांडणी. चुलीवरच्या दुधाची राखाडी साय म्हणजे घशात धरणारा पापुद्रा. खाटेवर एक मुलगा, त्याची मान सुजून बैलाच्या मानेएवढी झालेली.

तनुजा न अडखळता सारे सांगत गेली. उपचारापाशी मात्र थांबली. मागच्या दोन्ही परीक्षांत ती इथेच थांबली होती, आणि या वेळी थांबली तर वर्ष जाणार होते.

राहतने वही उचलली. घोड्याच्या रक्तापासून तयार होणारे प्रतिविष, म्हणून घोडा. तो चित्रात होता, पण कागदाच्या पार कडेला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे, घराकडे पाठ करून.

"अगं, पेशंट इकडं अन् घोडा तिकडं काय करायलाय? घरात नाही आणला तर तुला उद्या आठवणार कसा?"

"तो आलाच नव्हता," तनुजा म्हणाली.

मग तिने सांगितले ते चार वाक्यांत मावले. खाटेवरचा मुलगा सार्थक, तिचा धाकटा भाऊ. डॉक्टरांनी रोग त्याच दिवशी ओळखला आणि औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. ती चिठ्ठी घेऊन वडील पडेगावपासून चिकलठाण्यापर्यंत शहरातले दवाखाने आणि औषधांची दुकाने दोन दिवस फिरले. प्रत्येकाने ती वाचली, आणि निदान अचूक असल्याचे सांगून परत केली.

पुस्तक उघडेच होते. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता प्रतिविष तात्काळ द्यावे, असे त्यात होते. 'तात्काळ' हा शब्द ठळक छापला होता. कोठून आणावे, हे छापलेले नव्हते. परीक्षेत ते विचारत नाहीत.

"काढ," राहत हळूच म्हणाली. "खाटेजवळ काढ."

तनुजाने फाटकापलीकडचा घोडा खोडला. नवा काढायला तिला बराच वेळ लागला. तो अंगणातल्या तुराट्या तुडवत आला होता. त्याचे पुढचे पाय उंबऱ्याच्या आत होते आणि तोंड मुलाच्या उशाशी टेकले होते.

राहतने चित्र पुन्हा झाकले आणि पहिल्यापासून विचारले. मुसळ, तुराट्या, साय, मान, घोडा. तनुजा कोठेही थांबली नाही. राहतने वही बाजूला ठेवली, आता ही पास होते, असे म्हणत ती चहा टाकायला उठली.

ती वळून पाहते तो तनुजा पुन्हा चित्रावर वाकलेली. मुलाची सुजलेली मान तिने पुसून काढली होती. त्या जागी एक बारीक मान आली होती, दहा वर्षांच्या पोराची असते तशी, आणि तिच्याभोवती सैल लोंबणारा काळा दोरा.

"मान कशाला खोडलीस? उद्या तेच पहिलं विचारतील, तनू."

"घोडा आला ना," तनुजा म्हणाली. "आता सूज उतरंल."

राहतने तिच्या हातातला खोडरबर काढून घेतला. मुठीत धरून ती क्षणभर चित्राकडे पाहत राहिली. चुलीवरच्या दुधावर साय अजून तशीच होती. मग तिने तो खोडरबर कागदावर, चुलीशेजारी, परत ठेवला.