उलट्या चिठ्ठ्या

घर विकायचं दादाने ठरवलं. सही माझीही आहे, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारून मी साव ठरत नाही.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा मागच्या खोलीत बसून खिशातल्या किल्ल्या खुळखुळवायचे. म्हणजे खेळ सुरू. त्यांच्या खिशातली चिठ्ठी आम्हाला घड्याळामागे पाठवायची, तिथली शिवणयंत्राच्या खणात, तिथली माळ्यावरच्या बॅगेत. बॅगेत लिमलेटच्या गोळ्या. दर वेळी मला ढकलून दादा पुढे पळायचा.

आज माळा रिकामा करताना ती बॅग निघाली. आत एक चिठ्ठी. बाबांचंच अक्षर: ‘शिवणयंत्राच्या खणात.’

“कागद कसले चिवडतोस? टेम्पोवाला खाली बोंबलतोय,” दादा खेकसला.

खणात आमची जुनीच चिठ्ठी होती, गोळीच्या चिकट डागासकट. तिच्यावर बॅगेचा पत्ता असायचा. आता लिहिलं होतं, ‘घड्याळामागे.’ खाडाखोड नाही.

“दादा, हे तू लिहिलंस?”

“बाबांचं अक्षर मला जमलं असतं, तर प्रगतिपुस्तकावरून मार खाल्ला असता का?”

आम्ही घड्याळ उतरवलं. चिठ्ठी जागेवरच होती. दोन्ही जुन्या चिठ्ठ्या जागच्या हलल्या नव्हत्या, फक्त त्यांनी तोंड फिरवलं होतं. ही म्हणत होती, ‘माझ्या खिशात.’

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

मागची खोली आम्ही सकाळीच रिकामी केली होती. तिथे किल्ल्या खुळखुळल्या.

दादाने माझा दंड घट्ट धरला.

“या वेळी,” तो म्हणाला, “तू पुढे हो.”