उत्तरेची भिंत

“हातोडी खाली ठेवा,” नर्मदाबाई कडाडल्या. “भिंत तपासायला बोलावलं आहे, फोडायला नव्हे.”

मार्तंडने उत्तरेच्या भिंतीवर पुन्हा एकदा टोला दिला. आवाज पोकळ आला. त्याने ओळंबा सोडला. दोरी भिंतीपासून चांगली दोन बोटं दूर राहिली.

गंगाखेडातलं हे नवं घर नर्मदाबाईंनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. वास्तुशांत परवावर आली होती. मार्तंड परभणीच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. त्याचे साहेब माणिकराव हे नर्मदाबाईंचे भाचे. “रविवारी आत्याबाईंचं घर बघून या आणि दाखला लिहून द्या,” एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

“बाईसाहेब, या भिंतीत आरपार जाणारा एकही दगड नाही. कोपऱ्यातही जोड नाही. दोन पावसाळ्यांत ही आत कोसळेल.”

“भुजंगा!”

म्हातारा गवंडी भुजंग मान खाली घालून पुढे आला.

“काय म्हणतात हे? तीस वर्षं थापी धरलीस, आणि माझ्याच घरी हे दिवे लावलेस?”

“म्या काय बोलू, बाईसाहेब?” भुजंग पुटपुटला. “तुमी म्हणाल तसं.”

नर्मदाबाई मार्तंडकडे वळल्या. “तुमच्या आधी दोघे येऊन गेले. एक पूर्णेचे, एक जिंतूरचे. दोघांनीही भिंत मजबूत असल्याचं उभ्या उभ्या लिहून दिलं.”

“मग माझा दाखला कशाला हवा?”

“प्रश्न विचारायला तुम्हाला बोलावलेलं नाही. निजामाच्या अमलात या घराण्याच्या शब्दावर तहसील हालत असे. आता कालची पोरं मला कायदा शिकवणार? सही करा.” त्यांनी आधीच लिहून ठेवलेला दाखला आणि दौत-टाक पुढे सरकवले.

“नाही करणार.”

“तुमची नेमणूक अजून कायम व्हायची आहे ना? माणिकरावांना माझी एक चिठ्ठी पुरेल. वडील शाळामास्तर, पाठची दोन भावंडं शिकताहेत. सगळं ठाऊक आहे मला.”

मार्तंडचा चेहरा लाल झाला. क्षणभर त्याची नजर टाकाकडे गेली. मग त्याने दाखल्याचा कागद टराटरा फाडला.

“खुशाल लिहा चिठ्ठी! या भिंतीला लागून कोणाची खोली आहे?”

“माझ्या नातीची. सुनेत्राची.”

“आणि तिला या दगडांखाली झोपवायला निघालात? घराण्याचा तोरा भिंत तोलून धरत नाही, बाईसाहेब. नोकरी गेली तर जाऊ दे. ही भिंत पाडल्याशिवाय इथे कोणी राहायला आलं, तर मी स्वतः कलेक्टर कचेरीत अर्ज देईन!”

असं त्या घराण्यात आजवर कोणी नर्मदाबाईंशी बोललं नव्हतं. आतल्या खोलीतली कुजबुज थांबली. नर्मदाबाईंनी काठी जमिनीवर आपटली.

“भुजंगा, पाड ती. सांगितल्याबरहुकूम वाईट बांधलीस, आता सांगितल्याबरहुकूम चांगली बांध.”

“जी, बाईसाहेब,” भुजंग म्हणाला. आता तो हसत होता.

मार्तंड जागच्या जागी उभा राहिला. नर्मदाबाईंनी आतल्या दाराकडे तोंड केलं.

“सुनेत्रा, बाहेर ये. पहिली दोन्ही स्थळं मी परत पाठवली. हा मुलगा मला पसंत आहे. तुझं तू सांग.”