तेवीस देवमासे

फळीपलीकडे पेनचा खटका वाजला. मापसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांना तशीच लावून ठेवली, मनातल्या मनात शंभर आकडे मोजले आणि वाकून तक्त्यात वेळेसमोर लिहिलं : देवमासा, एक.

शंभर मोजणं महत्त्वाचं होतं. लगेच लिहिलं तर ती नक्कल झाली असती. शंभरानंतर ते निरीक्षण होत होतं.

दीपगृहाच्या गच्चीवर दोन खुर्च्या होत्या आणि मधे प्लायवूडची उभी फळी. वर्षातून काही दिवस देवमासे किनाऱ्याजवळून जात. तेव्हा हौशी माणसांनी इथे दोन तास बसून ते मोजायचे. अट एकच. दोघांनी स्वतंत्र मोजायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. पहिल्या वर्षी संशोधक बाईनं काळजीनं विचारलं होतं, "नवरा-बायको आहात. दोन तास न बोलता जमेल ना, काकू?"

"आमचा तीस वर्षांचा सराव आहे," काकू म्हणाल्या होत्या.

मापसाहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर त्यांनी दुकानदारांच्या काट्यांतली खोट शोधली. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांतली शोधली. मोतीबिंदू. समोरचा समुद्र आता त्यांना वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसायचा. तिच्यावर देवमासा आहे की सुरकुती, देव जाणे. हे त्यांनी घरीदारी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ही खुर्ची गेली असती, आणि ती भूगोलाच्या मास्तरांकडे गेली असती. मास्तर तीन वर्षं टपून होते. त्यांच्याकडे स्वतःची दुर्बीण होती, तिपाईसकट. फळीच्या अलीकडे मास्तर आणि पलीकडे आपली बायको, हे चित्र मात्र मापसाहेबांना मोतीबिंदूतूनही स्वच्छ दिसत होतं.

सुदैवानं फळी डोळ्यांना आडवी येत होती, कानांना नाही. बायकोची नजर घारीची. शर्टावरचा चहाचा डाग ती जिन्यातूनच ओळखायची, निदान अशी तिची ख्याती होती. तिचं पेन वाजलं म्हणजे तिला दिसला. तिला दिसला म्हणजे तो आहे. आहे त्याची नोंद करण्यात कसली आलीय लबाडी?

खटका. शंभर. देवमासा, दोन.

नवव्याला त्यांना बायकोचं कौतुक वाटलं. पंधराव्याला थोडा हेवा वाटला. विसाव्याला वाटलं, आज समुद्रात मोर्चाच निघालाय. दोन तासांनी घंटा झाली, तेव्हा त्यांच्या तक्त्यात तेवीस देवमासे होते आणि मान आखडली होती.

खालच्या कचेरीत संशोधक बाईनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग चष्मा काढून पुसला, परत चढवला आणि कागद पुन्हा ताडून पाहिले.

"तेवीस आणि तेवीस! काका, असं कधी झालेलं नाही. आणि दर पाच मिनिटांनी एक! इतका शिस्तीचा कळप मी पुस्तकातसुद्धा वाचलेला नाही."

"आमची ही बारकाईनं बघते," मापसाहेब विनयानं म्हणाले.

"आता एकच काम. दोघांनी वेगवेगळं चित्र काढून द्या. पाठ कशी, पाठीवरचा पर कसा, फवारा केवढा. तोवर मी बंदरात फोन लावते. आठवडाभर मोठी जहाजं लांबून वळवायला सांगते."

ती आतल्या खोलीत गेली. मापसाहेबांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली. हा समुद्र. इथे त्यांचं ज्ञान संपलं. पलीकडच्या टेबलावर बायकोनंही एक आडवी रेघ ओढली होती. आतून बाईचा आवाज आला, "हॅलो, बंदर कार्यालय का?"

मापसाहेब उठून बायकोजवळ गेले.

"अगं, पर कसा होता गं त्याचा?"

"मला काय विचारता? तुम्ही पाहिलात ना तेवीस वेळा?"

"एकदाही नाही. मोतीबिंदू झालाय मला. वर्ष झालं. तुझं पेन वाजलं की मी लिहीत होतो. जाऊ दे ती खुर्ची मास्तरांच्या घशात. पण त्या पोरीला खोटं चित्र नको द्यायला. तू सांग, मी काढतो."

बायकोनं पेन्सिल खाली ठेवली.

"अहो, माझाही पिकलाय की मोतीबिंदू."

"काय? मग इथे येतेस कशाला?"

"तुम्हाला घराबाहेर काढायला हीच एक जागा सापडलीय मला. मी सोडलं असतं तर तुम्हीही सोडलं असतं. मग दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात डब्यांची वजनं करत बसला असता."

"आणि ते तेवीस?"

"तुम्ही लिहायला वाकलात की तुमची खुर्ची केवढ्यानं करकरते! मला वाटायचं, यांना दिसला. मग मी तीनेक मिनिटं दम खाऊन लिहायचे. लगेच लिहिलं तर बरं दिसत नाही."

मापसाहेबांनी बोटांवर हिशेब मांडला. पेनामागून खुर्ची. खुर्चीमागून पेन. पुन्हा खुर्ची. आत बाई कुणाला तरी ठणकावून सांगत होती, "हो, तेवीस! दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत माझ्याकडे."

"थांब," मापसाहेब एकदम म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला. "खुर्चीच्या आधी पेन वाजलं होतं. सुरुवात तू केलीस! म्हणजे पहिला तरी तुला दिसला असणार. एक खरा असला तरी बास, बाईला तोंड दाखवता येईल. आठव, कसा होता तो?"

बायको लाजली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"तेव्हा ना... पेन चालतंय का ते बघत होते मी."