आरामात

चंद्रशेखर साहेबांनी टेबलाखालून बुटाने ढोसलं, तेव्हा धैर्यशीलच्या लक्षात आलं की आता आपण उभं राहायचं आहे. तो उभा राहिला. समोर महामंडळाचे शे-दीडशे कर्मचारी, शेजारी चेअरमन, आणि मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेलं त्याच्याच अहवालातलं वाक्य : तीन पदांचं काम एक माणूस आरामात करू शकतो. त्यातला ‘आरामात’ हा शब्द चंद्रशेखरांचा. बाकी सगळा अहवाल धैर्यशीलचा.

“आप पूछ रही थीं ना, ऐसा आदमी कहाँ मिलेगा?” चंद्रशेखर माइकवर म्हणाले. “ये रहा! हमारी टीम में तीन लोग थे. दो छोड़ गए. तब से ये अकेले तीनों का काम कर रहे हैं. और देखिए, सामने खड़े हैं!”

उभा होता, यात वाद नव्हता.

प्रश्न विचारला होता चंद्रप्रभा श्रीवास्तव यांनी. त्या महामंडळाच्याच डाक विभागात क्लार्क होत्या आणि युनियनच्या सेक्रेटरी. आज त्यांनी नेहमीसारखे सभेत सोलायला मटार आणले नव्हते. प्रकरण गंभीर आहे हे लखनौच्या त्या कचेरीत सगळ्यांना एवढ्यावरूनच कळलं होतं.

आणि गंभीर होतंच. फळांचे रस विकणारं हे सरकारी महामंडळ वर्षानुवर्षं तोट्यात होतं. नव्या आर्थिक वाऱ्यांना अनुसरून कोणाकोणाला घरी पाठवायचं हे ठरवायला चंद्रशेखरांची मुंबईची कन्सल्टिंग कंपनी बोलावली होती. आज चेअरमननी मान डोलावली की दर तिघांतले दोघे स्वेच्छेने, म्हणजे चेअरमनच्या इच्छेने, निवृत्त होणार. चंद्रशेखरांना त्याच खुशीत कानपूरचं काम मिळणार. आणि कानपूरला धैर्यशील जाणार.

“सर, मला मोकळं करा,” तो सकाळी जिन्यात म्हणाला होता. “आता खरंच होत नाही.”

“आजचा दिवस काढ रे राजा, मग निवांत बोलू,” चंद्रशेखर म्हणाले होते. हे ते दर महिन्याला म्हणायचे. मग त्यांनी त्याच्या गालाकडे निरखून पाहिलं आणि दाढी एकाच बाजूची झाली आहे, हे मोठ्या आपुलकीने दाखवून दिलं.

आलमबागच्या गेस्ट हाउसमध्ये हल्ली त्याला जाग यायची तीच पायांत बूट घालून पलंगावर बसलेल्या अवस्थेत. उजवी पापणी आपल्या मर्जीने फडफडायची. आत्ताही फडफडत होती, आणि चंद्रप्रभाबाई नेमकं तिकडेच बघत होत्या.

“अच्छा भैया,” त्या म्हणाल्या, “मलिहाबाद डिपो में कितने लोग हैं?”

त्याने सांगितलं. नावांसकट सांगितलं. कोण कधी रिटायर होणार तेही सांगितलं. चेअरमन खूश झाले. चंद्रशेखरांनी सभागृहाकडे असं पाहिलं, की जणू माल त्यांच्या दुकानातला होता.

“वाह. और घर में कौन-कौन हैं?”

“पत्नी. और एक बेटी. चार साल की.”

“क्या नाम है बिटिया का?”

धैर्यशीलने तोंड उघडलं.

आईने ‘यमुना’ हवं म्हणून धरलेला हट्ट आठवला. सुहासिनीचा ‘वसुधा’साठीचा अबोला आठवला. बारशाला जमलेली माणसं आठवली, पेढ्यांचा खोका आठवला. नाकारलेली नावं एकूण एक आठवली. ठेवलेलं आठवेना. सवयीने त्याने समोरची फाइल उघडली आणि पानं चाळू लागला.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. चंद्रप्रभाबाईंनी मान वळवून पाहिलं, तसं ते हसू विरलं. तो पानं चाळत राहिला.

“मज़ाक कर रहे हैं,” चंद्रशेखर हसत म्हणाले, आणि माइकवर हात ठेवून मराठीत कुजबुजले, “अरे, काहीही सांग! पिंकी सांग! इथे कोण तपासणार आहे?”

धैर्यशीलने त्यांच्याकडे पाहिलं. मग फाइल मिटली. पापणी थांबली होती.

“सर, मी घरी चाललो,” तो म्हणाला.

“आत्ता? डोकं फिरलंय का तुझं? खाली बस.”

“काम अर्धं राहिलंय. राहू दे. मी आजच्या गाडीने जातोय.” आणि तो खरोखरच खुर्ची मागे सारून व्यासपीठाच्या पायऱ्यांकडे निघाला.

“क्या कह रहे हैं ये?” चेअरमननी विचारलं.

“घर जाना चाहते हैं, साहब,” चंद्रप्रभाबाई खालूनच म्हणाल्या. त्यांना मराठी येत नव्हतं. आलं नाही तरी चालण्यासारखं होतं.

“तो जाने दीजिए, भई,” चेअरमन म्हणाले. एवढा अवघडलेपणा त्यांना सोसवत नव्हता. “एक आदमी के जाने से काम थोड़े ही रुकता है.”

चंद्रशेखरांचा संयम सुटला, आणि माइकवरचा हातही.

“रुकेगा कैसे नहीं, सर?” त्यांचा आवाज सभागृहभर घुमला. “इनकी जगह मुझे तीन आदमी रखने पड़ेंगे!”