डॉक्टरीणबाईंचा वाघ

जीप फाट्यावर येऊन थांबली. डावीकडची वाट नदीकडे जात होती, उजवीकडची नाल्याकडे.

"बोल गा कवडू, कोणीकडे घेऊ?" भैयाजी ड्रायव्हरनं विचारलं.

कवडू एकदा डावीकडे पाही, एकदा उजवीकडे. उगाच नाही! उजवीकडे वाघीण होती, अगदी पक्की होती. आणि मागच्या सीटवर डॉक्टर प्रेमिलाबाई बसल्या होत्या. त्यांना एकदा वाघ दाखवायचा म्हणून हा वाटाड्या गडी कित्येक वर्षं जिवाचं रान करत होता.

त्याची बायको जयवंता पहिल्या खेपेला अडली होती. गावच्या सुईणीनं हात टेकले, तेव्हा तिला बैलगाडीतून पारशिवनीला नेलं. तिथून लाकडाच्या ट्रकमधून नागपूरला, धंतोलीत, बाईंच्या दवाखान्यात. बाईंनी माय आणि लेक दोघींना मरणाच्या दारातून ओढून आणलं. कवडू रडत पायावर पडला, तेव्हा हात पुसत त्या म्हणाल्या, "पाया कसला पडतोस? तुझ्या जंगलातला वाघ दाखव एकदा, झालं!"

बाईंनी ते सहज म्हटलं होतं. दमलेलं माणूस काहीबाही बोलून जातं. पण आमच्या कवडूनं ते काळजात जपून ठेवलं. दर हिवाळ्यात बोरांची पिशवी घेऊन तो दवाखान्यात जायचा, "बाई, कधी येता?" विचारायचा. "येईन रे," म्हणेपर्यंत बाईंना आतून हाक यायची. तीच बाई आज एकदाची आली होती. आणि कवडू गावभर सांगून बसला होता, "आज बाईले वाघ नाई दाखवला तं नावाचा कवडू नाई!"

आता झाली ना पंचाईत. नाल्यातल्या वाघिणीला पिल्लं झाली होती. पहिल्यांदा खबर लागली तेव्हा तो हरखलाच. पिल्लांना सोडून ती जाते कुठं? गाडी काठावर नेली की समोर वाघ! पण मागे एकदा काही हौशी पाहुणे अशाच एका बाळंत वाघिणीच्या उरावर गाड्या घेऊन उभे राहिले होते. तिनं घाबरून पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवली. एक मागं राहिलं. कोल्ह्यांनी त्याचं काय केलं, ते कवडूनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी त्याला घास गेला नव्हता.

"अबे, बोल ना जल्दी! इंजन गरम होऊन राहिलं," भैयाजी कावला.

कवडूनं मागं वळून पाहिलं. बाईंनी नवी कोरी दुर्बीण गळ्यात घातली होती. लहान पोरीसारख्या त्या सीटच्या कडेला सरकून बसल्या होत्या. जिच्यामुळे आपल्या घरात दिवा लागतो, तिला नाही कसं म्हणायचं?

"बाई, वाघ हाय," तो कसाबसा म्हणाला. "उजवीकडेच हाय. पन मी तुमाले नाई दाखवत."

भैयाजीनं कपाळावर हात मारून घेतला.

"काहून रे?" बाईंनी विचारलं.

"बाळंतीन हाय ती."

बाईंचा चेहराच बदलला. सहलीला आलेली बाई गेली, दवाखान्यातली बाई आली.

"किती दिवस झाले?"

"आठवडाबी नाई झाला."

"तिचं खाणंपिणं?"

"चांगलं हाय. पान्यावर येते, शिकारबी केली तिनं. पिल्लं पेऊन राहिली. समदं बरं हाय, बाई."

"मग आपलं तिथं काय काम?" बाईंनी दुर्बीण गळ्यातून काढली. "भैयाजी, डावीकडे घ्या. आणि हे कुठं बोलायचं नाही. दवाखान्यातलं मी कधी बाहेर बोलते का?"

मग दिवसभर नदीकाठ. जयवंतानं दिलेली भाकर आणि वांग्याचं भरीत बाईंनी बोटं चाटत खाल्लं. पलीकडे चितळांचा कळप पाण्यावर आला, तो बघता बघता त्या अर्जुनाच्या झाडाला टेकून झोपल्या. चांगल्या गाढ झोपल्या. कवडू लांब बसून माश्या मारत राहिला आणि स्वतःला शिव्या देत राहिला. एवढ्या दुरून आलेल्या बाईला आपण काय दाखवलं? चितळं आणि झाडाची सावली!

ऊन कललं. परत निघताना बाई जीपमध्ये चढू लागल्या, तसा तो हात जोडून पुढं झाला.

"बाई, माफ करा मले. तुमचे उपकार तसेच राह्यले."

बाईंनी त्याचे जोडलेले हात आपल्या हातात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कवडू, इतकी वर्षं झाली, कोणी ना कोणी माझं दार ठोठावतं. बाळंतीण अडली, बाई, लवकर चला. जेवताना, झोपेत, सणावाराला. मी पळते. पळायलाच हवं," त्या म्हणाल्या. "पण बाळंतीण सुखरूप आहे, तुम्ही येऊ नका, असं मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं रे."